डबोबाचे बारसे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इंदूरच्या घरी एक बारसे झाले. बाळाचे धड पंधरा किलो तेलाच्या पत्र्याच्या डब्याचे, मस्तक तुपाच्या डब्याचे, डोळ्यांच्या जागी विजेरीचे दोन दिवे आणि पायांच्या जागी नातवाच्या मोडक्या तीनचाकीची चाके. महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेली एक संथ फिरणारी मोटार उजव्या खांद्यात बसविली होती. सेल जोडला की हात हळूहळू वर जाई आणि तितक्याच सावकाश खाली येई. नमस्कार करावयाचा तर दोन मोटारी लागत्या. एका मोटारीच्या खर्चात सलामच बसत होता, म्हणून आमचे बाळ जन्मतःच सलाम करू लागले.

बोलण्याची व्यवस्था मात्र विद्येच्या जोरावर केलेली नव्हती, लबाडीच्या जोरावर केलेली होती. डब्याच्या पाठीस भोक पाडून बागेला पाणी घालण्याच्या नळीचा तुकडा बसविला, तो अडगळीच्या खोलीच्या दाराखालून आत नेला आणि त्याच्या टोकास स्वयंपाकघरातील नरसाळे लावले. आत अंधारात स्टुलावर प्रस्तुत लेखक. बाहेर पोरे विचारीत, "तुझं गाव कोणतं?" आणि तुपाच्या डब्यातून घोगरे उत्तर येई, "सियागंज!" सुट्टीत आलेली सहा-सात मुले त्या एका शब्दावर पोट धरून हसत. माझ्या साऱ्या नोकरीच्या काळात माझ्या कोणत्याही वाक्यास इतकी दाद मिळालेली नाही.

आता नाव. दहा वर्षांच्या नातवाने चित्रपटातील एक भारदस्त इंग्रजी नाव सुचविले. सात वर्षांची नात म्हणाली, "डबोबा." मतदानाची गरजच पडली नाही. सौभाग्यवतींनी तेवढी हरकत घेतली. विठोबा, खंडोबा, म्हसोबा या पंक्तीत तेलाचा डबा कसा बसवायचा, असा त्यांचा प्रश्न. परंतु ससोबा, कोल्होबा, चांदोबा हेही त्याच पंक्तीत बसून जेवतातच की. आणि वाघोबा? ज्याच्या भयाने गावकरी रात्री दार लावून घेत, त्यालाही आपल्या भाषेने हे 'बा' लावले आणि घरातला करून टाकले. भय आणि माया यांना एकच प्रत्यय पुरतो, ही मराठीची करामत. हरकत मागे घेतली गेली.

बारशाला घुगऱ्या झाल्या. नाव कानात सांगावयाची वेळ आली तेव्हा ध्यानात आले की, बाळाला कानच नाहीत. नातीने क्षणभर विचार केला आणि मोलकरणीच्या हातून फुटलेल्या दोन कपांचे कान आणून दिले. ते डिंकाने चिकटविले. आत्या होऊन तीच पुढे वाकली आणि त्या चिनीमातीच्या कानात तिने नाव सांगितले. नळीच्या दुसऱ्या टोकास ते मला स्पष्ट ऐकू आले. त्या वेळी मला त्यात केवळ गंमत वाटली.

नाव देणे ही क्रिया आपण समजतो तितकी साधी नाही. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. पण दोहोंतही आपण समोरच्याला आपल्या व्यवहारात ओढून घेतो. ज्याला नाव नाही त्याला फेकून देता येते. नाव ठेवले की 'तो' होतो. बारशानंतर पहिल्याच रात्री आमच्या सौभाग्यवतींनी दिवा मालवता मालवता विचारले, "तो जेवलो?" त्यांचे माहेर फोंड्याचे, माया दाटून आली की त्यांची मराठी आपोआप कोंकणी होते. ज्यांनी दुपारी हरकत घेतली, त्यांनीच रात्री चौकशी केली.

ज्या जातीचा आमचा डबोबा, त्या जातीचे नाव मात्र मायेतून आलेले नाही. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने एक नाटक लिहिले. त्यात कारखान्यात तयार होणाऱ्या कृत्रिम कामकऱ्यांसाठी त्याला एक शब्द हवा होता. तो त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, सुचविला: रोबोट. मूळ चेक शब्द 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वेठ. तेव्हा रोबोट म्हणजे वेठबिगार. जगाने हा शब्द उचलला आणि त्यातली वेठ विसरून गेले.

मी हे सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्यांनी मला माहेरची एक बातमी सांगितली. फोंड्याजवळच्या बेतोडा गावातील रोजंदारीवर काम करणाऱ्या एका बापाची ती हकीकत २०२२ साली सर्व वृत्तपत्रांत आली होती. मुलगी चौदा वर्षांची, हात उचलून घास घेणेही तिला अशक्य. तिला भरविणारी आई स्वतः अंथरुणाला खिळली. मुलीला भरविण्यासाठी बाप कामावरून धावत घरी येई. यंत्रविद्येचे कसलेही शिक्षण नसलेल्या या गृहस्थाने दिवसभराचे काम संपल्यावर शिकून शिकून, सुमारे चार महिन्यांत, भरविणारे एक यंत्र तयार केले. मुलीने भाजी म्हटले की ते भाजी देते, वरणभात म्हटले की वरणभात. गोव्याच्या राज्य नवोपक्रम परिषदेने त्याचे कौतुक केले आणि अर्थसाहाय्यही दिले. बापाने यंत्राचे नाव ठेवले 'माँ रोबोट'. या दोन शब्दांत एक वेठबिगार आहे आणि एक आई आहे. मला प्रथम हे नाव खटकले होते. यंत्राला आई म्हणणे हा आईचा उपमर्द नव्हे काय? पुढे वाटले, त्या घरात आई आहे, जिवंत आहे, आणि तिच्या हाताने होत नाही तेवढेच हे यंत्र करते. तिथे कोणीही कोणाला फसवीत नाही. मुलीला ठाऊक आहे की भरविणारा हात आईचा नाही. हात बापाने केला हेही ठाऊक आहे. हे नाव म्हणजे त्या घराने रिकाम्या जागेवर लावलेली पाटी आहे.

माझ्या डबोबाची गोष्ट मात्र निराळी होती, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

मनुष्याकृती यंत्रांनी मुलांना रिझविण्यात आमचा माळवा मागासलेला आहे, असे कोणी समजू नये. इंदुरापासून सुमारे पासष्ट किलोमीटरवर धार. तिथल्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील वास्तुग्रंथाचा एकतिसावा अध्याय सबंध यंत्रांना वाहिलेला आहे. दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या, नाचणाऱ्या बाहुल्या, दारावर पहारा करणारे लाकडी पुरुष यांची वर्णने त्यात आहेत. रचनेचा पुरा तपशील मात्र ग्रंथकार देत नाही. अज्ञानामुळे नव्हे, गुप्तता राहावी म्हणून, असे तो स्वतःच सांगतो. हजार वर्षांपूर्वीही कारागिराला ठाऊक होते की, पडद्याआडचे दिसले की पडद्यापुढचे फिके पडते. आणि अलीकडे २०१७ साली आमच्या बर्फानी धाम चौकात रहदारी आवरण्यासाठी सुमारे चौदा फूट उंचीचा एक यंत्रमानव उभा केला गेला, तेव्हा मोठी माणसेदेखील हिरवा दिवा झाल्यावर त्याच्याकडे पाहत उभी राहत. रहदारी अशाने कशी सुटते, हा प्रश्न अलाहिदा.

परंतु इंदूरच्या मुलांचे खरे यंत्रमानव अनंत चतुर्दशीच्या रात्री रस्त्यावर येतात. कापडगिरण्यांच्या कामगारांनी काढलेल्या चलित झांक्यांची ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याण अशा गिरण्यांच्या नावांनी या झांक्या निघतात आणि रात्रभर शहरातून फिरतात. पाच-सहा वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावरून मी पाहिलेला मारुती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्याचे हात छातीकडे येत, छातीची दोन दारे उघडत, आत रामसीता दिसत आणि दारे पुन्हा मिटत. मी भयचकित झालो होतो. वडिलांनी मला खांद्यावरून उतरविले, गाडीच्या कडेचे कापड किंचित वर केले आणि म्हणाले, "हे पण बघ." खाली घामाने निथळणारा एक मनुष्य बसून चाक फिरवीत होता. त्याने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. मी पुन्हा खांद्यावर चढलो, आणि आश्चर्य असे की मारुतीची छाती पूर्वीइतकीच अद्भुत वाटली. किंबहुना अधिक.

हुकुमचंद गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी थकली, ती वर्षानुवर्षे थकली. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांची ती रक्कम मार्गी लागली, तोवर बत्तीस वर्षे लोटली होती आणि कित्येक हक्कदार निवर्तले होते. या काळात गिरणीच्या नावाची झांकी काढणे मात्र कामगारांनी सोडले नाही. वर्गणी जमविली, हात आखडता घेतला, पण रस्त्यावर मुले वाट पाहत असतात म्हणून चाके फिरविली. गिरणीचा भोंगा थांबला, मजुरी थांबली, आणि ज्याला कोणी सक्ती केली नव्हती ते काम चालू राहिले. वेठीच्या नेमके उलट काय, असे मला कोणी विचारले तर मी या झांकीकडे बोट दाखवीन.

असो. मे महिन्यात मला चालताना अंधारी येऊ लागली. वैद्यकीय तपासणीत हृदयाची गती फार मंद झाल्याचे निघाले आणि पेसमेकर बसवावा लागेल, असे ठरले. मुलांना आताच सांगायचे नाही, सुट्टी संपू द्यावी, असा आम्हा मोठ्यांचा एकमताचा निर्णय. आपल्या घरांतून असे निर्णय नेहमी एकमतानेच होतात आणि नेहमी स्वयंपाकघरात, जिथे दाराआड एखादे मूल उभे असते.

एका दुपारी सारे निजले असता मी अडगळीच्या खोलीत काही शोधीत होतो. नळीच्या टोकातून कुजबुज ऐकू आली. नात एकटी डबोबापुढे बसली होती आणि कपाच्या कानाला तोंड लावून बोलत होती.

"डबोबा, आजोबांच्या छातीत मशीन बसवणार आहेत. कुणाला सांगू नकोस. त्यात सेल असतो. मग ते तुझ्यासारखे होतील का रे?" थोड्या वेळाने, "आणि सेल संपला की?"

नरसाळे माझ्या हाताशी होते. आयुष्यात काही क्षण असे येतात की, मनुष्याला स्वतःची पात्रता कळते. मी बोलू शकत होतो. घोगऱ्या आवाजात, "छे, आजोबा अगदी ठणठणीत राहतील," असे म्हणण्याइतके सोपे जगात काही नव्हते, आणि तिने डबोबावर ठेवला तसा विश्वास माझ्यावर ठेवलाही नसता. माझ्या तोंडून वाक्य निघाले नाही. बाहेर ती बराच वेळ वाट पाहत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "बोलत नाहीस, म्हणजे खरंच."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी मुलाला आनंद देण्यासाठी जीव नसलेल्या वस्तूत जीव असल्याचा भास निर्माण केला, यात पाप काय? आपण दरवर्षी मातीच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतो, त्याच्याशी बोलतो, त्याला नैवेद्य दाखवितो. तिथे मन कचरत नाही, मग इथे का? विचार करता एक भेद जाणवला. गणपती घरी येतो तो मुलांच्या देखत येतो. मूर्तिकाराच्या दुकानी त्यांनी माती पाहिलेली असते, रंग ओला असताना पाहिलेला असतो. मग सर्वांसमक्ष मंत्र म्हटले जातात आणि त्या मातीशी वागण्याची रीत बदलते. उत्तरपूजेनंतर ती रीत पुन्हा सर्वांसमक्ष उतरविली जाते आणि मूर्ती पाण्यात जाते. आरंभ उघड, शेवट उघड. मधल्या दिवसांत जे गाऱ्हाणे घातले जाते ते ऐकायला मखराच्या मागे कोणी लपून बसलेले नसते.

आणि कोणी बसले असते तर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात शत्रूचा किल्ला घेण्याचे उपाय सांगितले आहेत. त्यात एक असा: भुयारातून पोकळ देवप्रतिमांच्या आत हेर शिरवावेत आणि राजाने लोकांदेखत त्यांच्याशी संभाषण करावे, म्हणजे देव राजाशी बोलतात असा सर्वांचा समज होईल. कौटिल्याचे धैर्य असे की, त्याने ही गोष्ट शत्रूला दिपविण्याच्या युक्त्यांत, स्वच्छ शब्दांत नोंदविली. मी ती सात वर्षांच्या पोरीवर चालविली होती आणि तिला 'गंमत' म्हणत होतो.

मग गाडीच्या खालचा तो चाक फिरविणारा? तोही लपलेलाच होता. खरे आहे, म्हणून लपणे हा काही दोष नव्हे. परंतु मारुतीला कोणी आपले गुपित सांगत नव्हते, आणि मारुती कोणाला उत्तरही देत नव्हता. खेळणे जोवर हात वर-खाली करते तोवर ते खेळणे असते. ते मुलाच्या प्रश्नाला उत्तर देऊ लागले की मूल त्याच्यापुढे मन उघडते, आणि त्या क्षणापासून आत कोण बसला आहे हा प्रश्न उभा राहतो. हा माझ्या अडगळीच्या खोलीपुरता प्रश्न नाही. मुलांशी बोलणारी 'केला' नावाची एक बाहुली काही वर्षांपूर्वी परदेशांत विकली जात असे. २०१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या सरकारी नियामकाने ती लपून ऐकणारे साधन ठरवून बंद केली आणि पालकांना ती निकामी करण्यास सांगितले. त्याही आधी, १९६६ साली, अमेरिकेत योसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने माणसाशी लेखी संवाद करणारी एक संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. तिचे नाव त्याने ठेवले एलायझा, शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवालीवरून. म्हणजे आपल्या पु. लं. च्या 'ती फुलराणी'ची मूळ नायिका. आपलेच बोलणे उलटवून प्रश्न विचारणे याहून त्या आज्ञावलीस फारसे काही येत नव्हते. तरी त्याच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी, ज्यांनी ते काम महिनोन्महिने चालताना पाहिले होते, थोड्याच वेळात त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितले. त्यांना एलायझाशी एकांतात बोलावयाचे होते. प्रौढ, जाणत्या बाई. मग सात वर्षांच्या पोरीची काय कथा! आज तर उत्तर देणारी यंत्रे घरोघरी आहेत, आणि त्यांच्या नळीचे दुसरे टोक कोठे जाते हे आपल्याला, म्हणजे पालकांनाही, दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नातीला अडगळीच्या खोलीत नेले. नळी दाखविली, नरसाळे दाखविले, स्टूल दाखविले. मला वाटले होते, डबोबा खोटा निघाला म्हणून ती रडेल. तसे झाले नाही. डबोबाचा आवाज माझा आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, "सियागंज तुम्हीच असं म्हणता, आजोबा." मग ती गप्प झाली, नळीकडे पाहत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे काल तुम्ही ऐकलंत?"

"हो."

"मी तुम्हांला नव्हतं सांगितलं. त्याला सांगितलं होतं."

मोठ्यांच्या नीतिशास्त्रात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. आवाज माझा असूनही कान डबोबाचे आहेत, ही तिची व्यवस्था होती. आणि ती व्यवस्था तिने स्वतःच्या हाताने कान बसवून, त्यात नाव सांगून, केलेली होती. मी ती मोडली. मी तिची क्षमा मागितली. तिने ती लगेच दिली नाही, आणि मला वाटते ते योग्यच केले. दोन दिवस ती माझ्या ताटाशेजारी जेवायला बसली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने स्वतः येऊन तोच प्रश्न मला विचारला, या वेळी माझ्या कानाशी नव्हे, तोंडासमोर. सेल संपला की काय होते? मी तिला ठाऊक होते ते सारे सांगितले. हे यंत्र काही ग्रॅम वजनाचे असते, गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवितात, हृदय आपले काम विसरले की त्याला आठवण करून देते. सेल साधारण आठ ते बारा वर्षे चालतो आणि संपत आला की डॉक्टरांना आधी कळते. मग नवा बसवितात. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थाला असे पहिले यंत्र शरीरात बसविले, ते काही तासांतच बंद पडले. पण त्याने नंतर एकामागून एक सव्वीस यंत्रे घेतली आणि २००१ पर्यंत जगला. यंत्र घडविणारा अभियंता आणि ते बसविणारा शल्यविशारद दोघेही त्याच्या आधी गेले. हे तिला फार आवडले. "मग त्याला डबोबा झाल्यासारखं वाटायचं का?" तिने विचारले. मी म्हटले, ते मला बसविल्यावर सांगतो.

जुलैत शस्त्रक्रिया झाली. डबोबाच्या पाठीतली नळी मी काढून टाकली. भोकावर नातवाने पत्रा ठोकला. तो आता बोलत नाही, नुसता सलाम करतो, आणि मुले त्याच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. काय बोलतात, हे मला ठाऊक नाही. दुपारी अडगळीच्या खोलीत काही आणायला जायचे झाले तर मी आधी खाकरतो.

अनंत चतुर्दशीला नातवंडे पुन्हा इंदुरात होती. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ दिले नाही म्हणून राजवाड्याच्या अलीकडे एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. झांक्या येऊ लागल्या तशी नात गर्दीत शिरली, वाकली, एका गाडीच्या कडेचे कापड उचलून आत पाहिले आणि हसत परत आली. मग माझ्या सदऱ्याच्या डाव्या बाजूवर, गळपट्टीच्या खाली, तिने दोन बोटे ठेवली.

"याचं बारसं झालं नाही अजून," ती म्हणाली.

दवाखान्याने दिलेल्या कार्डावर त्या यंत्राचा लांबलचक क्रमांक आहे; मी तो तिला वाचून दाखविला. तिला तो पसंत पडला नाही. ती पुढे झुकली, त्या जागी तोंड नेऊन काही तरी पुटपुटली आणि बाजूला झाली. ढोलताशांच्या गजरात मला काही ऐकू आले नाही. काय नाव ठेवलेस, असे त्यानंतर मी दोनदा विचारले. तिने अद्याप सांगितलेले नाही.